कुत्र्याचं ऑपरेशन झालंय? घरातली दुखण्याची गोळी देण्याआधी हे वाचा

रानडुकरानं पोट फाडलं, बिबट्यानं मानेला धरलं, रस्त्यावर गाडीनं पाय मोडला, नाहीतर नसबंदी करून आणली. कारण काहीही असो, आता गावाकडच्या कुत्र्यांचीही ऑपरेशनं व्हायला लागली आहेत. पूर्वी जखमेवर हळद दाबायची आणि जगलं तर जगलं म्हणायचं, असा कारभार होता. आता वस्तीवरची माणसंसुद्धा मोटारसायकलवर मध्ये धरून कुत्रं तालुक्याला नेतात, टाके घालून आणतात. ही चांगलीच गोष्ट आहे.

खरी अडचण येते ती घरी आल्यावर. दिवसभर गुंगीत पडलेलं कुत्रं रात्री जागं होतं आणि कण्हायला लागतं. दवाखाना बंद झालेला असतो. मग घरातला गोळ्यांचा डबा खाली निघतो. कंबरदुखीची, दाढदुखीची, तापाची जी गोळी हाताला लागेल ती भाकरीच्या तुकड्यात घालून दिली जाते. माणसाला चालते, मग कुत्र्याला का नाही चालणार, असा साधा विचार असतो. दोन-तीन दिवसांनी कुत्रं उलट्या करतं, डांबरासारखी काळी संडास होते, खाणं सुटतं. काही कुत्री त्यातच जातात. आणि लोक म्हणतात, ऑपरेशन सोसलं नाही. पुष्कळ वेळा ऑपरेशन सोसलेलं असतं, गोळी सोसलेली नसते.

म्हणून आज या विषयावर सविस्तर लिहितोय. सांगायचं एवढंच आहे: ऑपरेशननंतर कुत्र्याचं दुखणं थांबवलंच पाहिजे, पण ते कुत्र्यासाठीच्या औषधानं, वजनाप्रमाणे आणि पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवर. आणि ती चिठ्ठी दवाखान्यातून निघण्याआधीच घ्यायची असते.

दुखलं तर पडून राहील, हा समज सोडा

"औषध कशाला द्यायचं, दुखलं म्हणजे ते हलणार नाही, टाके तुटणार नाहीत" असं आपल्याकडे पुष्कळ जण म्हणतात. हे बरोबर नाही. दुखणारं कुत्रं शांत पडत नाही. ते सारखी कूस बदलतं, जखम चाटतं, टाके दातानं ओढतं. खात नाही, पाणी पीत नाही, झोपत नाही. अशानं जखम भरायला उशीर होतो. शिवाय अंगाला हात लावू देत नाही, म्हणून घरातल्या माणसाला चावण्याची भीती वेगळी. उड्या मारू द्यायच्या नसतील तर त्याला बांधून ठेवा, दुखण्यात ठेवू नका.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या म्हणजे दुखण्याचं औषध मिळालं, असं आपण धरून चालतो. त्या गोळ्या पुष्कळदा अँटीबायोटिकच्या, म्हणजे जखमेत पू होऊ नये म्हणून असतात. त्यानं दुखणं थांबत नाही. कुठली गोळी कशासाठी आहे हे विचारून घ्या आणि पाकिटावर पेनानं लिहून ठेवा.

कुत्र्याला दुखतंय हे ओळखायचं कसं

कुत्रं दुखणं लपवतं. ओरडलं तरच दुखतंय असं नसतं. पुढच्या गोष्टी बघा:

– पाठ वाकवून, पोट आखडून उभं राहणं. आडवं व्हायला बघतं पण होता येत नाही.
– आराम असताना, थंडीतसुद्धा धापा टाकणं, अंग थरथरणं.
– आवडीचं समोर ठेवलं तरी तोंड फिरवणं.
– जखमेची जागा सारखी चाटणं, तिथं हात नेला की गुरगुरणं.
– नेहमी माणसांत असणारं कुत्रं कोपऱ्यात, गाडीखाली जाऊन बसणं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. भूल उतरताना पहिल्या रात्री काही कुत्री उगाच कण्हतात, डोलतात, अंधाराला भुंकतात. ते गुंगीमुळेही होतं. म्हणून आवाज आला की लगेच गोळी, असं करायचं नाही. दवाखान्यात दुखण्याचं इंजेक्शन दिलेलं असेल तर त्याचा परिणाम अजून चालू असतो. मेलोक्झिकॅमच्या इंजेक्शनचा परिणाम साधारण २४ तास राहतो. त्यावर आणखी गोळी दिली तर डोस दुप्पट होतो.

माणसाची गोळी कुत्र्याला का चालत नाही

आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. जखम झाली की सूज आणि दुखणं त्यांच्यामुळेच येतं. पण त्यातलीच काही द्रव्यं पोटाचं आतलं अस्तर सांभाळतात आणि मूत्रपिंडाला रक्त पुरेसं मिळेल हे बघतात. दुखण्याच्या बहुतेक गोळ्या ही द्रव्यं तयार होणं थांबवतात. त्यामुळे दुखणं थांबतं, पण पोटाचं आणि मूत्रपिंडाचं संरक्षणही कमी होतं. माणसाला ठरलेल्या डोसमध्ये हे बऱ्यापैकी सोसतं. कुत्र्याच्या शरीरात यातली काही औषधं जास्त वेळ फिरत राहतात, त्यामुळे नुकसान लवकर होतं. पोटात व्रण पडतात, त्यातून रक्त जातं, मूत्रपिंड बंद पडू शकतं. त्यातून ऑपरेशनमध्ये रक्त गेलेलं, पाणी कमी प्यायलेलं कुत्रं असेल तर धोका आणखी वाढतो.

आयब्युप्रोफेन (ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम यांत असतं): ६० किलोच्या माणसानं ४०० मिलीग्रॅमची गोळी घेतली तर किलोमागे साधारण ७ मिलीग्रॅम पडतात. तीच गोळी १० किलोच्या कुत्र्याला दिली तर किलोमागे ४० मिलीग्रॅम होतात. एवढ्यावर उलट्या आणि पोटात व्रण होऊ शकतात. कॉम्बिफ्लाममध्ये वरून पॅरासिटामॉलही असतं.

डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन: सांधेदुखीच्या नि कंबरदुखीच्या गोळ्यांत हीच नावं सापडतील. कुत्र्याला देऊ नका. दुखण्याचा मलम किंवा स्प्रेही जखमेजवळ लावू नका. कुत्रं ती जागा चाटतं आणि औषध पोटातच जातं.

ॲस्पिरिन (डिस्प्रिन): हे रक्त गोठू देत नाही. ताज्या टाक्यांच्या जखमेला हेच सगळ्यात वाईट.

पॅरासिटामॉल (क्रोसिन, डोलो): हे सौम्य औषध समजून घरोघरी असतं. कुत्र्यात डोस जास्त झाला तर यकृत खराब होतं. रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकदही जाते, हिरड्या तपकिरी-निळसर दिसायला लागतात. ६५० मिलीग्रॅमची एक गोळी सहा किलोच्या पिलाला दिली तर किलोमागे १०० मिलीग्रॅमच्या वर जाते. पशुवैद्यक कधी कधी हे औषध मोजून देतात, ती गोष्ट वेगळी. घरात मांजर असेल तर हेही ऐकून ठेवा: पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. मांजराला ती कधीच द्यायची नाही.

काही जण म्हणतात, सोबत ॲसिडिटीची गोळी दिली की झालं. तसं होत नाही. ॲसिडिटीची गोळी फार तर पोटाला थोडी मदत करेल. मूत्रपिंड आणि यकृत तिनं वाचत नाही.

मग सुरक्षित काय?

आपल्याकडे ऑपरेशननंतर कुत्र्याला जास्त करून मेलोक्झिकॅम दिलं जातं. जुनं, माहितीतलं आणि सहज मिळणारं औषध आहे. कुत्र्यासाठी ते पातळ स्वरूपातही येतं आणि गोळीतही येतं. दिवसातून एकदाच, खाणं झाल्यावर द्यायचं असतं. कार्प्रोफेन, फिरोकॉक्सिब अशी कुत्र्यांसाठीची दुसरी औषधंही मोठ्या गावांतल्या दवाखान्यांत मिळतात. हाडाचं मोठं ऑपरेशन असेल तर डॉक्टर गॅबापेंटिनसारखं औषध जोडीला देतात. ट्रॅमाडॉल नावाची गोळीही काही ठिकाणी दिली जाते, पण ती नशेच्या कायद्याखाली येते आणि नुसती गोळी कुत्र्याला फारशी लागू पडत नाही. म्हणून ती स्वतः शोधत बसू नका.

आता मेलोक्झिकॅमचा हिशेब बघा, म्हणजे "डॉक्टरला विचारा" असं का म्हणतोय ते कळेल. कुत्र्यासाठी त्याचा नेहमीचा डोस पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलीग्रॅम आणि नंतर रोज ०.१ मिलीग्रॅम असा आहे. आपलं गावठी कुत्रं १५ किलोचं धरलं, तर दुसऱ्या दिवसापासून त्याला दिवसाला दीड मिलीग्रॅम लागतात. माणसाच्या मेलोक्झिकॅमच्या गोळ्या साडेसात आणि १५ मिलीग्रॅमच्या असतात. म्हणजे मेडिकलमधून नाव बरोबर सांगून १५ ची गोळी आणली आणि अख्खी दिली, तर तो दहा दिवसांचा डोस एकाच वेळी गेला. औषध बरोबर आणि तरीही कुत्रं धोक्यात. हा हिशेब समजण्यासाठी दिलाय, घरी गोळीचे तुकडे करण्यासाठी नाही. कुत्र्याचं वय, मूत्रपिंड, यकृत, गेलेलं रक्त हे सगळं बघून डॉक्टर डोस ठरवतात. गाभण कुत्री, दूध पाजणारी कुत्री आणि लहान पिलं यांना तर हे औषध विचारल्याशिवाय अजिबात द्यायचं नाही.

वजन अंदाजानं सांगू नका. घरात वजनकाटा असेल तर आधी स्वतः उभं राहा, मग कुत्र्याला उचलून घेऊन उभं राहा. दोन्हीतला फरक म्हणजे कुत्र्याचं वजन. नाहीतर धान्याच्या काट्यावर पोतं टाकून त्यावर बसवा. पाच किलोची चूक झाली तर लहान कुत्र्यात डोस दीडपट होतो.

गुरांची औषधं कुत्र्याला नको

गोठ्यात उरलेली बाटली किंवा बोलस कुत्र्याला देण्याची सवय पुष्कळांना आहे. बोलस तीन-चारशे किलोच्या जनावरासाठी बनवलेली असते. तिचा बारीक तुकडासुद्धा कुत्र्याच्या डोसच्या कितीतरी पट होऊ शकतो. गुरांच्या काही औषधांत मेलोक्झिकॅमसोबत पॅरासिटामॉलही असतं. इंजेक्शनचंही तसंच आहे. गाईला जेवढ्या मिली दिल्या त्या हिशेबानं कुत्र्याला देता येत नाहीत, कारण गाईचा आणि कुत्र्याचा किलोमागचा डोसच वेगळा आहे.

दुसरी काळजी स्टेरॉइडची. गावात कुणीतरी "ताकदीचं" किंवा "सुजेचं" म्हणून डेक्सामेथासोनचं इंजेक्शन टोचतो. ते स्टेरॉइड आहे. स्टेरॉइड आणि दुखण्याची गोळी एकत्र गेली की पोटात व्रण पडायची, आतडं फुटायचीही भीती असते. दुखण्याच्या दोन वेगळ्या गोळ्याही एकावेळी द्यायच्या नाहीत. एक बंद करून दुसरी सुरू करायची तर मध्ये काही दिवस जाऊ द्यावे लागतात. म्हणून आधी कुणी काय दिलंय ते डॉक्टरांपासून लपवू नका. कुणी रागावेल म्हणून गप्प बसलात तर भोगावं कुत्र्याला लागतं.

इथं कायद्याची गोष्टही सांगायला हवी. डायक्लोफेनॅक जनावरांना द्यायला २००६ पासून आपल्या देशात बंदी आहे. कारण गिधाडं. डायक्लोफेनॅक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. आपल्या लहानपणी मेलेल्या गुरावर गिधाडांचा थवा उतरायचा, तो आता दिसत नाही, त्याचं मोठं कारण हे औषध. २०२३ मध्ये ॲसिक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेनवर जनावरांसाठी बंदी आली, नंतर निमेसुलाइडवरही आली. मेलोक्झिकॅम गिधाडांना चालतं असं तपासून ठरलेलं आहे. म्हणजे कुत्र्याला जे बरं, ते रानालाही बरं. मेडिकलवाला जनावरासाठी डायक्लोफेनॅक द्यायला नाही म्हणाला तर त्याच्याशी भांडू नका, तो बरोबर आहे.

दवाखान्यातून निघण्याआधी हे विचारा

ऑपरेशन झालं की सगळ्यांना घरी जायची घाई असते. दूध काढायचं असतं, मोटार चालू करायची असते, लाईटचा टाइम असतो. तरी पाच मिनिटं थांबा आणि हे विचारून घ्या:

१. दुखण्याचं इंजेक्शन दिलंय का? कुठलं आणि किती वाजता?
२. घरी दुखण्याचं औषध कुठलं, आणि पहिला डोस कधी द्यायचा?
३. किती द्यायचं, दिवसातून किती वेळा, किती दिवस?
४. रात्री त्रास वाढला तर कुणाला फोन करायचा?
५. टाके कधी काढायचे?

चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. औषध पातळ असेल तर बाटलीसोबत आलेली सिरिंजच वापरा, चहाचा चमचा नको. सिरिंजवर कुठल्या रेघेपर्यंत भरायचं ते डॉक्टरांकडून पेनानं खूण करून घ्या. घरात एकानंच औषध द्यायची जबाबदारी घ्यावी. नाहीतर सकाळी आई देते, दुपारी पोरगं देतं, आणि डोस दोनदा होतो.

माणसाच्या मेडिकलमधून पातळ औषध घ्यायची वेळ आली तर एक गोष्ट बघा. माणसांच्या काही गोड पातळ औषधांत साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं असतं. ते कुत्र्याला विष आहे. बाटलीवर ते नाव दिसलं तर देऊ नका.

औषध कधी थांबवायचं

औषध बरोबर असलं तरी एखाद्या कुत्र्याला सोसत नाही. पुढचं काहीही दिसलं की पुढचा डोस देऊ नका आणि लगेच डॉक्टरांना फोन करा: उलट्या, पातळ किंवा डांबरासारखी काळी संडास, संडासमध्ये रक्त, खाणं पूर्ण बंद, लघवी कमी होणं किंवा एकदम जास्त होणं, हिरड्या पांढऱ्या पडणं, डोळे पिवळे होणं, कुत्रं अगदी गळून जाणं. उपाशीपोटी गोळी देऊ नका आणि पिण्याचं पाणी सारखं समोर ठेवा. कुत्रं खात-पीत नसेल तर "गोळी तरी जाऊ दे" म्हणून घशात ढकलू नका. तशा कुत्र्यालाच ती जास्त बाधते.

औषधाशिवाय काय करता येईल

दुखणं कमी करायला घरातही बरंच काही करता येतं. सूज असेल तर पहिले दोन-तीन दिवस बर्फ जाड फडक्यात गुंडाळून जखमेच्या बाजूला दहा मिनिटं धरा, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ थेट कातडीला लावू नका आणि टाके ओले करू नका. फरशीवर किंवा ओल्या मातीत झोपवू नका, खाली पोतं आणि जुनी गोधडी घाला. दोरी आखूड ठेवा, पण पायात अडकणार नाही अशी. लघवी-संडासला धरून न्या. टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १४ दिवस, राखणीला सोडू नका.

चाटू नये म्हणून गळ्यात घालायची प्लॅस्टिकची कॉलर मिळते. नसेल तर जुन्या लहान बादलीचा तळ कापून, कडा फडक्यानं गुंडाळून तसंच करता येतं. त्याला श्वास घेता यावा, पाणी पिता यावं एवढं बघा.

टाक्यांवर हळद, राख, तेल, तंबाखू काही लावू नका. अळ्या होतील म्हणून आधीच टर्पेंटाइन ओतू नका. ते आग करतं आणि चाटलं तर पोटात जातं. माश्या बसू नयेत म्हणून कुत्र्याला मच्छरदाणीत किंवा बंद खोलीत ठेवा. जखमेला वास आला, पू दिसला, अळी दिसली, किंवा चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, तर गोळी वाढवायची नसते, दवाखाना गाठायचा असतो. वाढणारं दुखणं म्हणजे आत काहीतरी बिघडलंय.

चुकीची गोळी आधीच गेली असेल तर

लपवू नका, वाट बघू नका. किती गोळ्या, किती मिलीग्रॅमच्या, किती वाजता गेल्या हे लिहा, पाकीट सोबत घ्या आणि पशुवैद्यकाला फोन करा. गोळी जाऊन तास-दोन तासच झाले असतील तर डॉक्टर उलटी करवून औषध बाहेर काढू शकतात. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करायला जाऊ नका, मीठच अंगावर येतं. दूध, ताक, अंडं पाजून विष उतरत नाही. कुत्रं ठीक दिसतंय म्हणून थांबू नका. मूत्रपिंडाची, यकृताची लक्षणं दोन-तीन दिवसांनीही दिसतात, आणि तोवर उपचाराची वेळ निघून गेलेली असते.

जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना बंद असेल तर जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. गाडी येईल की नाही हे त्या भागावर आणि वेळेवर असतं, पण निदान जवळ कुठं डॉक्टर मिळतील ते विचारता येतं. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांचा नंबर मात्र आधीच मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

कुत्रं रात्रभर जागून आपली शेळी, कोंबडी आणि पीक राखतं. त्याला गोळी देताना आपल्या डब्यातली नको, त्याच्या नावाच्या चिठ्ठीवरची द्या. गावात कुणाच्या कुत्र्याचं ऑपरेशन झालं असेल तर ही माहिती त्यांच्या व्हॉट्सॲपवर आजच पाठवा, कारण पहिली रात्रच अवघड असते.